हौसाने खोली वाढवली

"खोली वाढवा!" हिरडेगडचे सरकार गरजले.

हौसाच्या हातातली उशी खाली पडली. मुंबईतलं हे बुटीक हॉटेल म्हणजे खोल्या मोजक्या, भाडं भरमसाट आणि भिंतीवरची चित्रं अशी, की उलटी टांगली तरी कोणाला कळू नये! खोल्या आवरायचं काम हौसाकडे होतं. ती नवीनच लागली होती, पण इथला पहिला नियम तिला तोंडपाठ होता : पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही.

"वाढवते, सरकार," ती म्हणून गेली.

मॅनेजर पिंगळेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "सरकार, बाकीच्या खोल्या भरल्यात हो. नाहीतर दुसरी मोठी…"

"दुसरी नको, हीच वाढवा! हिरडेगडला आमच्या फेट्यांची खोली याहून मोठी आहे! इथे हात पसरले तर एक हात न्हाणीघरात जातो!"

"मग निदान कपाट बाहेर काढू?"

"खबरदार! चमचासुद्धा हलवायचा नाही. आम्ही संध्याकाळी रेसकोर्सवरून येऊ, तोवर खोली वाढलेली पाहिजे. हिरडेगडकर बोललेला शब्द फिरवत नाहीत. 'वाढवा' म्हणजे वाढवा!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "बाळ, कोणावर ओरडतोयस?"

साठी ओलांडलेले सरकार क्षणात मांजर झाले. "कोणावर नाही, आईसाहेब!" मग हौसाकडे वळून ते कुजबुजले, "आणि हे बघ, संध्याकाळी ताटभर जिलबी आणून ठेव. गुपचूप! आईसाहेबांनी आमचं गोड बंद केलंय."

सरकार गेले आणि पिंगळेसाहेब हौसावर घसरले. "वाढवते म्हणे! कशी वाढवणार? आमटीसारखी, पाणी घालून?"

"तुम्हीच सांगितलंत ना साहेब, नाही म्हणायचं नाही?"

"मग 'बघते' म्हणायचं! आपल्यात 'नाही'ला असंच म्हणतात! आता खोली वाढली नाही, तर उद्यापासून कामाला येऊ नकोस!"

हौसा रडवेली होऊन खाली स्वयंपाकघरात गेली. नोकरी गेली, की पुन्हा सासूबाईंच्या देखरेखीखाली पापड लाटत बसायचं! आणि सासूबाई तर पापडाची गोलाईसुद्धा चष्मा लावून तपासायच्या. या विचारात तिचा हात कढईला आपटला. हातातली हिरवी बांगडी टिचली.

"वाढली गं तुझी बांगडी!" भिकूमामा आचारी म्हणाले.

हौसा तुकडा हातात घेऊन बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं.

"मामा, जिलबी तळायला घ्या. एक नारळ द्या. आणि सुतारदादांकडचा मोठा हातोडा कुठे आहे हो?"

संध्याकाळी सरकार आले, मागोमाग पिंगळेसाहेब. पाहतात तो भिंतीला हळदकुंकू लावलेलं, चित्राला झेंडूचा हार, टेबलावर झाकलेलं ताट आणि समोर पदर खोचून हौसा उभी!

"हे काय? खोली तर होती तेवढीच आहे!"

"शुभ काम आहे, सरकार. आधी तुमच्या हातानं नारळ वाढवा."

मान मिळाला की सरकार विरघळत. त्यांनी नारळ दाराबाहेरच्या फरशीवर आपटला. खाड! पाणी थेट पिंगळेसाहेबांच्या बुटांवर.

"घे, वाढवला!"

"वाढवलात? केवढा झाला?"

"केवढा काय? दोन तुकडे झाले!"

"आणि ही माझी बांगडी. दुपारी वाढली," हौसाने तुकडे दाखवले.

"फुटली म्हण की सरळ!"

"असं अभद्र कसं बोलायचं, सरकार? आमच्यात वाढली म्हणतात. तुमच्यात?"

"आमच्यातही… तेच म्हणतात."

"झालं तर मग! हिरडेगडचा शब्द फिरायचा नाही. व्हा बाजूला, खोली वाढवते!" आणि हौसाने हातोडा उचलला.

"अगं थांब! पलीकडे कोण आहे ठाऊक आहे ना?"

"आईसाहेब! भिंत वाढली की त्यांना सरकार दिसतील, सरकारांचं ताटही दिसेल. मायलेकरं समोरासमोर!" तिने भिंतीवर अलगद एक टोला दिला. ठक!

"बाळ," पलीकडून आवाज आला, "कोण रे ठोकतंय? आणि हा जिलबीचा वास कुठून येतोय?"

"खोली मोठी आहे!" सरकार ओरडले. "चांगली ऐसपैस आहे! हे बघ!" त्यांनी दोन्ही हात पसरले. एक हात न्हाणीघरात गेला.

तो तिथे पाहून सरकारांना असं हसू आलं, की फेटा घसरून नाकावर बसला. "आमच्याच शब्दात आम्हाला बांधलं पोरीनं! पिंगळे, हिचा पगार आत्ताच्या आत्ता वाढवा!"

हौसाने हातोडा टाकून हात जोडले. "पाया पडते, सरकार! 'वाढवा' नका म्हणू! 'दुप्पट करा' म्हणा!"

"करा दुप्पट! ऐकलंत ना पिंगळे, दुप्पट!" म्हणत सरकार हसून हसून पलंगावर कोसळले.

भिंतीपलीकडून हाक आली, "बाळ, हसून झालं असेल तर ती जिलबी इकडे आण. आणि मला वाढ!"