केरबाच्या पुंगीचं मेण

जंगलात अजून माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. केरबा अस्वल लग्नांत पुंगी वाजवायचा. वाजवण्याआधी तिला लाडाने हुंगायचा. पण अलीकडे पुंगीच्या भोपळ्यात कितीही फुंकलं, तरी नळ्यांतून नुसती फुसफुस निघे. सशाच्या लेकीच्या लग्नात तर नवरीच फिदीफिदी हसली.

केरबाचं डोकं फिरलं. ठेका धरणाऱ्या सुतारपक्ष्यावर तो खेकसला, “तुझ्यामुळे लय बिघडते. चालता हो!” इतक्या वर्षांची साथ सोडून बिचारा उडून गेला.

तरी सूर लागेना. गाल दुखेपर्यंत फुंकून झालं, तेव्हा केरबाने पुंगी ती बनवणाऱ्या सुगरण पक्षिणीपुढे आपटली. ती उलटून पाहताच सुगरण दचकली.

“अहो केरबादादा, नळ्या घट्ट बसाव्यात म्हणून मी मधाच्या पोळ्यातलं मेण लावलं होतं. ते कुठं गेलं? सगळी हवा सांध्यातूनच निसटतेय!”

केरबा हादरला. “माझ्या पुंगीचं मेण चोरलं? कोण तो हलकट?”

सुगरणीने चोचीने सांधा दाखवला. त्यावर जिभेने चाटल्याच्या ओल्या खुणा होत्या.

केरबाने सवयीने ओठ चाटले. मधाची चव लागली, आणि त्याची जीभ तिथंच थिजली.

लांबच्या झाडावर सुतारपक्षी एकटाच ठेका धरून होता. अगदी लयीत.