वाळूवरची होडी

धर्मा कोळ्याची होडी वादळात खडकावर फुटली, आणि नारळी पौर्णिमा तर तोंडावर आली. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की साऱ्या गावाच्या होड्या निघणार. ज्याला होडी नाही त्याने वर्षभर दुसऱ्याच्या होडीवर राबायचं! या धास्तीने धर्माची लेक चांगुणा बापाला घेऊन जुन्या होड्यांच्या बाजारात आली.

बाजार कसला, किनाऱ्यावर झापांखाली झाकलेल्या होड्या आणि त्या साऱ्यांचा धनी एकटा दामूशेट. एका होडीची त्याने सांगितलेली किंमत ऐकून धर्मा मटकन खालीच बसला.

"एवढ्यात नवी होडी येते, शेट."

"मग नवी घे. सुतार पुढच्या वर्षी देतो म्हणतात."

"निदान पाण्यात घालून बघू तरी द्या," चांगुणा म्हणाली.

"बाजाराचा नियम ठाऊक नाही का, बाय? होडी वाळूवर बघायची, वाळूवरच घ्यायची. पाण्यात गेली की तुझी झाली."

या नियमाने अर्धा गाव नागवला होता. चांगुणा तडक बंदर पाहायला आलेल्या सुभेदारांपुढे उभी राहिली. पण सुभेदार हट्टी.

"नियम मी मोडणार नाही," ते म्हणाले. "होडीत खोट आहे म्हणतेस, तर ती पाण्यात न घालता दाखव. दाखवलीस तर किंमत तू ठरव. नाही तर शेट मागतील तेवढी मोज."

शेट गालात हसला. धर्माने कपाळावर हात मारला. चांगुणाने मात्र कोळणींना हाक मारली, "हंडे घेऊन या गं!"

कोळणी समुद्रावरून हंडे भरभरून आणू लागल्या आणि होडीत ओतू लागल्या.

"अगं, हे काय?" शेट ओरडला. "नियम मोडला!"

"होडी पाण्यात कुठे घातली, शेट? पाणी होडीत घातलंय."

घोटाभर पाणी साचलं, तोच फटींत भरलेला चिखल सुटला. वरचं काळं रोगण फुगून फाटलं आणि चारी अंगांनी धारा लागल्या.

"फळ्या सुकल्यात हो," शेट घाम पुसत म्हणाला. "दर्यात थोडा वेळ राहिल्या की फुगतात, फटी मिटतात."

"मग तेवढा वेळ तुम्हीच बसा आत. आम्ही ढकलतो."

कोळणी पदर खोचून पुढे आल्या. शेट चार पावलं मागे सरला.

"मला पोहता येत नाही," तो पुटपुटला.

सारा किनारा हसला. सुभेदारांनी मिशीआड हसू दाबलं.

"बोल पोरी, किंमत काय?"

"शेट वाळूवरच विकतात ना, सरकार? पाण्यात न जाणारी ती होडी कसली, ते जळण. जळणाचा भाव लावा."

सुभेदार पोट धरून हसले. जळणाच्या भावात होडी धर्माला मिळाली. शिवाय ती नीट करायला सुभेदारांनी सरकारी गोदीतला सुतार धाडला, आणि त्याची मजुरी दामूशेटच्या माथी मारली.

पौर्णिमेला धर्माची होडी निघाली, तेव्हा नारळ चांगुणाच्या हातात होता.