कोल्ह्याची पळसपाने

मुलांनो, नदीकाठच्या एका दाट जंगलात एक स्वप्नाळू कोल्हा राहत असे. तिथले प्राणी पावसाळ्याच्या बेगमीसाठी चारोळ्या जमवत आणि ओझी वाहून दमून जात. एकदा कोल्हा त्यांना म्हणाला, "चारोळ्या माझ्या कोरड्या गुहेत ठेवा. एका ओंजळीला मी एक पळसाचे पान देईन. त्यावर माझ्या दाताची खूण असेल. पान परत आणा, चारोळ्या घेऊन जा."

पान पिसासारखे हलके. खारीने ते देऊन माकडाकडून मध घेतला, माकडाने तेच देऊन सुगरणीकडून झोपाळा विणून घेतला. जंगल जणू धुक्यात तरंगू लागले. सिंहाने कोल्ह्याला आपल्या शेजारी बसवले. "मला आणखी पाने हवीत," तो म्हणाला.

"महाराज, गुहेत तेवढ्या चारोळ्या नाहीत."

"मागायला येतो कोण?"

कोल्हा नव्या नव्या पानांवर दाताची खूण उमटवून देत गेला. कुणी शंका काढलीच, तर तो नदीतल्या दूरच्या निळसर बेटाकडे बोट दाखवी. "तिथली झाडे चारोळ्यांनी वाकली आहेत. त्या सगळ्या आपल्याच." तो इतके गोड सांगे, की ऐकता ऐकता सर्वांचे डोळे मिटत. चारोळ्या वेचायला कोणी जाईनासे झाले.

एक कासवीण मात्र पोहत बेटावर जाऊन आली. "तिथे वाळू आहे आणि दोन बाभळी," ती सर्वांसमोर कोल्ह्याला म्हणाली. "माझ्या तीन पानांच्या चारोळ्या दे." त्याने दिल्या. ते पाहून खार आली, माकड आले, आणि बघता बघता रांग नदीपर्यंत गेली. दुपारी गुहा रिकामी झाली. कोल्ह्याने सिंहाकडे पाहिले, पण सिंहाने तोंड फिरवले. चिडलेल्या प्राण्यांनी पाने फाडून कोल्ह्याच्या अंगावर फेकली.

कोल्हा रिकाम्या हातांनी जंगल सोडून निघाला. वाटेत खारीने त्याला गाठले. "बेट खोटे आहे, हे तुला ठाऊक होते ना?"

"आधी ठाऊक होते," कोल्हा हळूच म्हणाला. "मग त्याच्याविषयी इतक्यांदा बोललो, की मलाच ते खरे वाटू लागले."

खार माघारी वळली. आभाळ भरून आले होते आणि तिला अजून चारोळ्या वेचायच्या होत्या.

तात्पर्य : जवळ आहे त्याहून अधिक देण्याचा शब्द देणारा आधी इतरांना फसवतो आणि मग स्वतःलाही.