तांबटिणीचं पिल्लू आणि कुरकुऱ्याचं मोठं इंजिन

गुलमोहराच्या खोडात होतं एक भोक. भोकात होतं एक घर. घरात राहायची तांबटीण. अंगावर हिरवी पिसं, कपाळावर लाल टिळा. आणि घरात होतं तिचं एकुलतं एक पिल्लू.

एकदा तांबटीण उंबर आणायला गेली. भुर्र भुर्र गेली, भुर्र भुर्र आली. येऊन बघते तर काय? गुलमोहर आडवा. घराचं दार मातीत. पिल्लू आत.

वारा म्हणाला, मी नाही पाडला. पण वाऱ्याच्या हातात अजून गुलमोहराची पानं होती. त्याचं कोण खरं मानणार?

तांबटिणीने खोडावर चोच आपटली. टुक टुक टुक.

आतून पिल्लू म्हणालं, "च्यूं. भूक."

तांबटीण कळवळली. खोडाला एक बारीक फट होती. फटीतून आवाज यायचा, पण उंबर आत जाईना. तिने खोड ढकललं. हललं नाही. एक जाड फांदी मातीत रुतली होती. त्या फांदीनेच खोड अडवलं होतं.

तांबटिणीने उंबर खोडावर ठेवलं. मुंग्यांकडे एकदा डोळे वटारून बघितलं. आणि भुर्र भुर्र गेली कुरकुऱ्याकडे.

कुरकुऱ्या म्हणजे पेद्रूमिस्त्रीच्या पडवीतलं करवत-मशीन. जुनं, घरगुती. दोरी ओढली की चेन फिरायची आणि लाकूड कापलं जायचं. लाकूड बारीक असलं तर.

तांबटीण म्हणाली,
"कुरकुऱ्यादादा, कुरकुऱ्यादादा, फांदी काप.
तू कापशील, तर खोड वळेल.
खोड वळेल, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर पिल्लू भेटेल."

"कुर्र कुर्र फुस्स," कुरकुऱ्या म्हणाला. "माझं इंजिन एवढंसं. मी शेवग्याच्या काड्या कापतो. एवढी जाड फांदी मी कापीन? कशावरून? आधी मोठं इंजिन. मग मी."

मग हळूच म्हणाला, "मिस्त्रीवर नजर ठेव हं. मागे त्याने मला उघडलं. परत बंद केलं. आणि एक बोल्ट उरला. तो त्याने खिशात टाकला. मी बघितलं."

तिकडून आवाज आला, "च्यूं. भूक."

तांबटीण भुर्र भुर्र गेली पेद्रूमिस्त्रीकडे. मिस्त्री फडक्याने पाना पुसत होता. तांबटिणीने आधी त्याच्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाली,

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, मोठं इंजिन बसवा.
तुम्ही बसवाल, तर कुरकुऱ्या कापेल.
कुरकुऱ्या कापेल, तर खोड वळेल.
खोड वळेल, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर पिल्लू भेटेल."

मिस्त्रीने चष्म्यावरून बघितलं. "मोठं इंजिन आहे," तो म्हणाला. "मोठ्या मशीनचं अंग फुटलं, पण इंजिन शाबूत आहे. ते कुरकुऱ्याच्या अंगात बसेल? बोल्टची भोकं जुळतील? कशावरून? लावून बघायला हवं. पण त्याच्यावर कोंबडी बसली आहे. हात घातला की टोचते. आधी कोंबडी उठू दे. मग मी."

तिकडून आवाज आला, "च्यूं. भूक."

तांबटीण भुर्र भुर्र गेली कोंबडीकडे. कोपऱ्यात होतं फुटकं मोठं मशीन. मशीनवर गवत. गवतात अंडी. अंड्यांवर कोंबडी. मान ताठ, एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, ऊठ.
तू उठशील, तर इंजिन मिळेल.
इंजिन मिळेल, तर मिस्त्री बसवेल.
मिस्त्री बसवेल, तर कुरकुऱ्या कापेल.
कुरकुऱ्या कापेल, तर खोड वळेल.
खोड वळेल, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर पिल्लू भेटेल."

"कॉक कॉक," कोंबडी म्हणाली. "मी उठते, आणि ते मांजर येतं. उंबऱ्यात बघ कसं बसलंय. म्हणे झोपलंय. झोपलंय? कशावरून? आधी मांजर जाऊ दे. मग मी."

तिकडून आवाज आला, "च्यूं."

तांबटीण भुर्र भुर्र गेली मांजराकडे. पण जरा लांबच बसली. मांजर ते मांजर.

"मांजरमावशी, मांजरमावशी, जा.
तू जाशील, तर कोंबडी उठेल.
कोंबडी उठेल, तर इंजिन मिळेल.
इंजिन मिळेल, तर मिस्त्री बसवेल.
मिस्त्री बसवेल, तर कुरकुऱ्या कापेल.
कुरकुऱ्या कापेल, तर खोड वळेल.
खोड वळेल, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर पिल्लू भेटेल."

मांजराने अर्धा डोळा उघडला. झोपलं नव्हतंच. "म्यांव," ते म्हणालं. "मी जाते, आणि तेवढ्यात दूध येतं. माझं दूध माझ्यासाठी राहील? कशावरून? आधी दूध. मग मी."

तिकडून आवाज आला. यावेळी बारीक आला. "च्यूं."

तांबटीण घाबरली. भुर्र भुर्र भुर्र गेली गोठ्यात. गोठ्यात होती तांबू गाय. तांबूजवळ होतं तिचं वासरू. मिस्त्रीची बायको रोजाबाय चरवी घेऊन बसली होती. पण तांबू पान्हा चोरत होती. चरवी रिकामी.

"तांबूबाय, तांबूबाय, दूध दे.
तू दूध देशील, तर मांजर जाईल.
मांजर जाईल, तर कोंबडी उठेल.
कोंबडी उठेल, तर इंजिन मिळेल.
इंजिन मिळेल, तर मिस्त्री बसवेल.
मिस्त्री बसवेल, तर कुरकुऱ्या कापेल.
कुरकुऱ्या कापेल, तर खोड वळेल.
खोड वळेल, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर पिल्लू भेटेल."

तांबूने कान हलवले. "अस्सं," ती म्हणाली. "म्हणजे कुरकुऱ्याला मोठं इंजिन? आज तो गुलमोहराची फांदी कापेल. उद्या माझा फणस कापेल. मग मी आणि वासरू सावलीला कुठे बसणार? नाही कापणार? कशावरून? आधी कुरकुऱ्याचा भरवसा दे. मग मी."

आता काय करायचं? कुरकुऱ्या म्हणतो, आधी इंजिन. तांबू म्हणते, आधी कुरकुऱ्याचा भरवसा. फिरून फिरून सगळं तिथेच. सगळे एकाच अंगणातले, तरी कोणाचा कोणावर विश्वास नाही.

तांबटीण कान देऊन ऐकत बसली. तिकडून आवाज आलाच नाही.

तांबटीण खाली उतरली. अगदी तांबूच्या पायाशी. म्हणाली, "मोठ्या इंजिनाची मला पण भीती वाटते. तुझ्याहून जास्त वाटते. माझं घर लाकडाचं. तरी मीच त्याला बोलावते आहे. तो कापायची तेवढीच फांदी कापेल."

"कशावरून?" तांबूने विचारलं.

"माझं पिल्लू त्याच लाकडात आहे," तांबटीण म्हणाली. "त्यावरून."

तांबूने वासराकडे बघितलं. वासराला एकदा चाटलं. आणि पान्हा सोडला.

सर्र सर्र सर्र, चरवी भरली.
रोजाबायने परसात दुधाची बशी ठेवली. मांजर गेलं.
मांजर गेलं, कोंबडी उठली. मिस्त्रीने गवतासकट अंडी टोपलीत ठेवली. कोंबडीने एकेक अंडं वळवून बघितलं. सगळी होती.
कोंबडी उठली, इंजिन मिळालं.
इंजिन मिळालं, मिस्त्रीने बसवलं. कुरकुऱ्याचं अंग उघडलं. छोटं इंजिन बाहेर, मोठं इंजिन आत. भोकं जुळली. एक बोल्ट लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. चौथा सापडेना. मिस्त्रीने खिशात हात घातला. तोच जुना बोल्ट काढला. किर्र किर्र पिळला. बसला.

"बघितलंस?" कुरकुऱ्या म्हणाला. "खिशातच होता."

मग मिस्त्री कुरकुऱ्याला घेऊन गेला गुलमोहराकडे. दोरी ओढली. कुर्र कुर्र. सगळे लांब उभे राहून बघत होते. पुन्हा ओढली. कुर्र कुर्र. आता होतंय फुस्स, कोंबडी म्हणाली.

फुस्स झालं नाही. घर्रर्रर्र झालं. कुरकुऱ्या स्वतःच दचकला. असा आवाज त्याने आपल्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

घर्रर्रर्र, कुरकुऱ्याने कापली. कडाड, फांदी तुटली.
फांदी तुटली, खोड वळलं. गडगड, गडगड, हळूच थांबलं.
खोड वळलं, दार उघडलं.

मिस्त्रीने मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. तांबूने मागे वळून बघितलं. फणस जागेवर होता. तिने शेपटी लावून पण बघितलं. होता.

तांबटीण दाराशी बसली. "बाळा," ती म्हणाली, "बाहेर बघ. मी आई आहे."

आतून आवाज नाही.

तिने दारावर चोच आपटली. टुक टुक टुक.

दारातून बाहेर आलं एक छोटं डोकं. माती लागलेलं. पिल्लाने मान तिरकी केली. मिस्त्रीकडे बघितलं. कुरकुऱ्याकडे बघितलं. कोंबडीकडे, मांजराकडे, तांबूकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. आणि म्हणालं,

"कशावरून?"

तांबटीण भुर्रकन खाली उतरली. खोड वळताना उंबर खाली पडलं होतं, ते तिने शोधलं. मुंग्यांनी खाल्लं नव्हतं. तिने दोन्ही बाजूंनी बघितलं. मग ते पिल्लाच्या चोचीत घातलं.

पिल्लाने उंबर गिळलं. पुन्हा चोच उघडली.

"आई," ते म्हणालं. "अजून."

गोष्ट संपली. कशावरून? पोट भरलं, पिल्लू निजलं. त्यावरून.