लिंबू, नारळ आणि अंमलदार

मेक्सिकोत राहणाऱ्या केरबा सुतारांनी अमेरिकेहून आणलेल्या गाडीची परदेशी गाडी म्हणून तात्पुरती नोंदणी एकदाची करून घेतली. मग चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ घेऊन स्वतः पुढे उभे राहिले आणि शेजारच्या पेद्रोला म्हणाले, "बाबा, गाडी जरा पुढे घे."

तोच सीमाशुल्क खात्याचा अंमलदार आडवा आला. "मालक शेजारी नसताना परदेशी गाडी इथल्या माणसाने चालवायची नाही! गाडी जप्त!"

केरबांना एकच चिंता: आजारी बायकोला दवाखान्यात न्यायचं कसं?

पेद्रोला उतरवून गाडी न्यायला अंमलदार स्वतःच चालकाच्या जागी बसला.

केरबा म्हणाले, "साहेब, मालक अजून खालीच आहे, आणि तुम्हीही इथलेच; म्हणजे गाडी हलवलीत तर तुम्हीही तोच नियम मोडाल. मी शेजारी बसलो तर गाडी कायद्यात येते, मग जप्ती कशाची?"

अंमलदार किल्ली टाकून निघून गेला. केरबांच्या मुठीतला नारळ मात्र बराच वेळ सुटेना.