राणीचे डोहाळे आणि दुधाळलेली खाडी

फार पूर्वी समुद्रकाठच्या वेलानगरात अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व शिंपल्यांतली कालवे काढणाऱ्या कोळ्यांच्या कुळात जन्मला आणि पुढे त्यांचा मुखिया झाला. खाडीतल्या खडकांना चिकटलेली कालवे कोयतीने सोडवून हे लोक नगरात विकत. त्यावरच त्यांच्या चुली पेटत.

एका आश्विनात गरोदर राणी पद्मगंधेला कालवे खाण्याचे डोहाळे लागले. राजाने टोपल्या भरून कालवे आणण्याची आज्ञा केली. ओहोटीला बोधिसत्त्वाने एक कालव फोडून पाहिले. आतला जीव दुधासारख्या पांढऱ्या रसाने तटतटला होता. त्याने कोयती खाली ठेवली आणि तो रिकाम्या हातांनी दरबारात गेला.

"महाराज, कालवांचे दिवस भरले आहेत," तो म्हणाला. "आत्ता ती काढली तर त्यांची पुढची पिढीही त्यांच्याबरोबर जाईल. हे माझ्याने होणार नाही."

"आणि डोहाळे अपुरे राहून गर्भाला काही झाले तर?" राजा कडाडला. "तुझे डोके धडावर राहायचे नाही."

"मग ते घ्या, महाराज. पण आधी देवींना एकदा खाडीवर येऊ द्या."

पडद्याआडून राणी हे ऐकत होती. "मी जाणार," ती म्हणाली.

दुपारच्या भरतीला राजाराणीची होडी खडकांपाशी येऊन थांबली. मुखिया वल्ह्यावर होता. पाणी उन्हाने कोमट झाले होते. बराच वेळ काहीच घडले नाही. राजाचा हात तलवारीकडे गेला.

इतक्यात पाण्याखालच्या एका कालवाची शिंप किंचित उघडली आणि धुरासारखी एक पांढरी रेघ बाहेर आली. शेजारच्यातून दुसरी आली. मग सगळा खडकच पाझरू लागला. त्यामागचा, त्याच्याही मागचा. पाहता पाहता खाडी दुधाळली. पाण्यातले वल्ह्याचे पाते दिसेनासे झाले.

"हे काय आहे?" राणीने हळूच विचारले.

"जन्म घेऊ पाहणारी बीजे, देवी. यांतली बहुतेक माशांच्या पोटी जातील. थोडी खडकाला चिकटतील, त्यांची कालवे होतील."

राणीने पाण्यात हात बुडवला. त्याच क्षणी तिच्या पोटात मूल हलले. तिचे डोळे भरून आले.

"महाराज, माझे डोहाळे पुरले," ती म्हणाली. "आता परत जाऊ. फक्त वल्हे हळू मारायला सांगा."

राजाने मान खाली घातली. त्यानंतर त्या ऋतूत खडकांना कोणी कोयती लावली नाही आणि तेवढे दिवस कोळ्यांना राजाच्या कोठारातून धान्य मिळू लागले.

भिक्षूंचे गुरू, शास्ता, यांनी पूर्वजन्मीची ही कथा इथे संपवली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज तुमच्यात बसलेला सुदंत, राणी म्हणजे भिक्षुणी सोमवती, आणि कोळ्यांचा मुखिया मी होतो. ज्यांना आवाजही नाही अशा जिवांविषयी त्या जन्मी माझ्या मनात जी मैत्री जागली, ती माझी मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्णता."