टिपरीच्या बरणीचा दादरा

आंब्याच्या मुळाशी एक घर होतं. एवढंसं. त्यात टिपरी राहायची. टिपरी म्हणजे खार. शेपटी झुपकेदार, पाठीवर पट्टे, आणि घडीभर गप्प बसेल तर शपथ.

टिपरीला दुकान काढायचं होतं. मुरंब्याचं दुकान. तिनं कैऱ्या आणल्या. सोलल्या, सर्र सर्र. फोडी केल्या, कच्च कच्च. साखर घातली, वेलची घातली. पातेलं चुलीवर ठेवलं. रटरट रटरट.

मुरंबा झाला. पिवळाधमक. टिपरीनं तो बरणीत भरला. बाजाराच्या दिवशी विकायचा. तोवर छान मुरू द्यायचा.

आता बरणीचं तोंड झाकायचं. झाकण लावायचं का? छे. मुरंबा अजून गरम. झाकणाखाली वाफ धरते आणि मुरंब्याला बुरशी येते. म्हणून बरणीला दादरा बांधायचा. दादरा म्हणजे स्वच्छ, कोरडं फडकं. टिपरीकडे एकच दादरा होता. धुऊन तिनं तो कुंपणावर वाळत घातला होता. वर दगड ठेवायला मात्र विसरली.

भुर्रकन कावळा आला. चोचीत दादरा धरला. भुर्रकन गेला.

आणि तेवढ्यात, कोण आलं? मुंगळे आले. रांगेनं आले. गोड वास लागला ना त्यांना.

टिपरीनं बरणी परातीत ठेवली. घरात होतं नव्हतं ते पाणी परातीत ओतलं. मुंगळे काठाशी थांबले. पण ऊन केवढं. पाणी आटलं की मुंगळे बरणीत. मुंगळे बरणीत की दुकान बुडालं.

टिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कावळ्याकडे गेली.

"कावळेदादा, कावळेदादा, दादरा दे.
बरणी काही बांधता येईना,
मुंगळे आले रांगेनं."

कावळा म्हणाला, "माझ्या घरट्यात काड्याच काड्या. पिल्लांना टोचतील. सावरीचा कापूस आण, मग देतो."

तिकडे पाणी आटलं थोडं. मुंगळे सरकले थोडे.

टिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. सावरीच्या झाडाकडे गेली.

"सावरताई, सावरताई, कापूस दे.
कावळा दादरा देईना,
बरणी काही बांधता येईना,
मुंगळे आले रांगेनं."

सावर म्हणाली, "माझी बोंडं मिटलेली. वारा हलवेल तेव्हा फुटतील. वाऱ्याला आण, मग देते."

तिकडे पाणी आटलं थोडं. मुंगळे सरकले थोडे.

टिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वारा टेकडीमागे पडला होता. घामाघूम. वाऱ्याला घाम येतो का? त्या दिवशी आला होता.

"वारेबुवा, वारेबुवा, जरा सूट.
सावर कापूस देईना,
कावळा दादरा देईना,
बरणी काही बांधता येईना,
मुंगळे आले रांगेनं."

वारा म्हणाला, "मी तापलोय गं. तळ्यावर जाऊन गार व्हावं, तर तळ्यात म्हैस बसलीय. तळं उरलंय एवढंसं, म्हैस केवढी. तिला उठव, मग सुटतो."

तिकडे पाणी आटलं थोडं. मुंगळे सरकले थोडे.

टिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तळ्यापाशी आली. पाण्यात म्हैस. पाण्यावर नुसतं तोंड आणि शिंगं.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, पाण्यातून ऊठ.
वारा काही सुटेना,
सावर कापूस देईना,
कावळा दादरा देईना,
बरणी काही बांधता येईना,
मुंगळे आले रांगेनं."

म्हशीनं एक डोळा उघडला. म्हणाली, "बाहेर आले की माश्या चावतात. कानात शिरतात. बगळा पाठीवर बसून माश्या खाईल, तर उठते."

आणि डोळा परत मिटला.

तिकडे पाणी आटलं थोडं. मुंगळे सरकले थोडे.

टिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आता तिचे पाय दुखत होते. बगळा बांधावर एका पायावर उभा होता. तोंड कडू करून.

"बगळोबा, बगळोबा, माश्या खा.
म्हैस काही उठेना,
वारा काही सुटेना,
सावर कापूस देईना,
कावळा दादरा देईना,
बरणी काही बांधता येईना,
मुंगळे आले रांगेनं."

बगळा म्हणाला, "काल माशी. आज माशी. उद्या माशी. माझ्या तोंडाची चवच गेली. आधी आंबटगोड काही दे, मग खातो."

आंबटगोड? टिपरीकडे तर बरणीभर आंबटगोड. पण बरणीत कुणाला चोच बुडवू द्यायची नाही. उष्टं झालं की सगळा मुरंबा बिघडतो. मग काय द्यायचं?

पातेलं!

पातेल्याच्या तळाला पाक चिकटला होता. कडेला दोन फोडीही होत्या. तुला माहीत आहे ना, मुरंबा झाला की पातेलं चाटतं कोण? जो मुरंबा करतो, तोच चाटतो. टिपरी सकाळपासून त्याचीच वाट बघत होती. तिनं अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं.

टिपरीनं बांधावरून घराकडे पाहिलं. तिला फार वाईट वाटलं. मग तिनं आवंढा गिळला. गट्.

"चल बगळोबा," ती म्हणाली. "पातेलं तुझं."

बगळा घरी आला. पातेल्यात चोच घातली. टक टक टक. तळ टिपला. टक टक टक. कडा टिपल्या. दोन फोडी गिळल्या. गुळुक, गुळुक. मग त्यानं मान ताठ केली. म्हणाला, "आली. चव आली."

परातीत पाणी उरलं होतं बोटभर. पुढचा मुंगळा पाय बुडवून बघत होता.

"पळ बगळोबा," टिपरी म्हणाली.

बगळा उडाला, फडफड फडफड. म्हशीच्या पाठीवर बसला. माश्या खाल्ल्या, टक टक टक.

म्हैस उठली, धबाक धबाक. पाण्याबाहेर आली.

वारा तळ्यावर आला. गार झाला. सूं सूं सुटला.

सावर हलली. बोंडं फुटली. फट् फट् फट्. कापूसच कापूस. टिपरीच्या नाकावर कापूस, कानावर कापूस, मिशीवर कापूस. शिंक आली. फिस्स.

टिपरीनं कापूस गोळा केला. कावळ्याला दिला. कावळ्यानं घरट्यात अंथरला. वर बसून पाहिलं. डावीकडे टोचेना, उजवीकडे टोचेना. मग त्यानं दादरा दिला. वाऱ्यानं तो फडाफडा झटकून दिला. स्वच्छ. कोरडा. एक काडीसुद्धा नाही.

टिपरी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

परात कोरडी. पुढचा मुंगळा बरणीवर. चढतोय, चढतोय, चढतोय. कडेला पोचला.

टिपरीनं फू केलं. मुंगळा खाली. टुप्.

दादरा तोंडावर टाकला. दोरी गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, आणि घट्ट गाठ.

मुंगळे बरणीभोवती फिरले. वर गेले, खाली आले. वाट काही सापडेना. शेवटी वळले, आणि आले तसे रांगेनं परत गेले.

टिपरी खाली बसली. शेपटी अंगावर घेतली.

हुश्श.

कितीतरी वेळ ती नुसती बसून होती. बरणीकडे बघत. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिथंच झोप लागली. घुर्र घुर्र.

मुरंबा मुरला. बाजाराचा दिवस आला. टिपरीनं झाडाखाली दुकान मांडलं. एक बरणी आणि एक कोरडा चमचा. बस. एवढंच दुकान.

लोक यायचे, बघायचे, पुढं जायचे. टिपरी चमचा पुसायची, परत पुसायची.

मग सशीण आली. कडेवर पिल्लू. पिल्लू सकाळपासून भाकरी खात नव्हतं. सशीण म्हणाली, "बाई, माझ्या या वाटीत थोडा मुरंबा घाल. बघू, खातंय का."

टिपरीनं गाठ सोडली. दादरा काढला. वास घेतला. बुरशी नाही, काही नाही. छान आंबटगोड वास. तिनं वाटीत मुरंबा घातला.

सशिणीनं भाकरीचा तुकडा बुडवला. पिल्लाच्या तोंडात घातला.

पिल्लू थांबलं. टिपरी थांबली. सगळा बाजार थांबला.

पिल्लानं तुकडा चावला. चुटुक चुटुक. मग त्यानं दोन्ही हातांनी वाटी उचलली. टिपरीच्या नाकासमोर धरली. आणि म्हणालं,

"आणखी."

झालं. सुरू झालं टिपरीचं दुकान.

तोंड पुसा, पाणी प्या. टिपरीची गोष्ट पोटात गेली.